सरांनी आमच्या घरी चहा घेतला

सर नऊ वर्षांच्या मुलांनाही अहो-जाहो करायचे. "बसा आपण. पाणी हवंय का आपल्याला? नको? मग सुरू करू." हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागे वळून पाहिलं होतं, कोणी मोठं माणूस उभं आहे का म्हणून. मागे तांदळाची पोती होती. शाळेतल्या मुलांना महिन्याला वाटायचा तांदूळ त्या खोलीत ठेवायचे. सरांनी परीक्षेसाठी तीच खोली मागून घेतली होती, कारण तिला खिडकी नव्हती. खिडकी असली की एखाद्या मुलाला बाहेर बैल दिसतो आणि एखाद्याला नुसती भिंत दिसते, मग सगळ्यांची परिस्थिती सारखी राहत नाही, असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा मी चौथीत होते. आमचं गाव ओझरच्या पुढे, हमरस्त्यापासून पाच किलोमीटर आत. सर नाशिकच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. असामान्य बुद्धीची मुलं कशी असतात आणि मोठी होऊन त्यांचं काय होतं, याचा ते शोध घेत होते. शहरातल्या मुलांकडे बघणारे पुष्कळ आहेत, खेड्यातल्या मुलांकडे कुणी बघितलेलंच नाही, म्हणून ते सुट्टीच्या दिवशी लुनावरून गावोगाव हिंडायचे. डोक्यावर हेल्मेट. आमच्या गावात तोवर हेल्मेट कुणी पाहिलं नव्हतं. ओझरला विमानांचा कारखाना आहे हे माहीत होतं, त्यामुळे हा माणूस विमान चालवतो आणि सुट्टीला लुना चालवतो, असं आम्ही पोरांनी ठरवून टाकलं होतं.

गळ्यात दोन स्टॉपवॉच असायची. दोन्ही एकदम सुरू करायचे आणि एकदम बंद करायचे, एकावर विश्वास नव्हता म्हणून. मुलाने बरोबर उत्तर दिलं तरी आणि चुकीचं दिलं तरी ते एवढंच म्हणायचे, "बरं. पुढे." आवाज वर नाही, खाली नाही. शाब्बास हा शब्द त्यांनी उच्चारल्याचं मला आठवत नाही. पुढे कितीतरी महिने आमच्या वर्गाला तोच नाद लागला होता. संगीता तर घरी आई रागवायला लागली की हात बांधून म्हणायची, "बरं. पुढे," आणि दोन फटके जास्त खायची.

संगीता माझी मैत्रीण. तिचं खरं नाव हे नाही. तिच्या वडिलांना सगळं गाव तात्या म्हणायचं. त्यांची दोन एकर द्राक्षबाग होती. माझे दादा, म्हणजे वडील, ओझरला रस्त्याकडेच्या एका हॉटेलात आचारी. घरं समोरासमोर होती, पण ऐपत सारखी नव्हती.

सरांविषयी पुढचं सांगते ते मी मोठी होऊन त्यांच्याच कॉलेजात गेले तेव्हाचं आहे, पण माणूस कळायला ते आधी सांगितलेलं बरं.

वर्गात ते हजेरी नावाने घेत नसत, आकड्याने घेत. नाव उच्चारलं की आपोआप आवडनिवड सुरू होते, असं त्यांना वाटायचं. एसटीत शेजारी कुणीही बसला तरी ते त्याला विचारायचे, "एका मिनिटात जितके प्राणी आठवतील तितके सांगता का?" एकदा नाशिकच्या सीबीएस स्टँडवर त्यांनी कंडक्टरला हे विचारलं. तो म्हणाला, "सर, गाडी भरलीय बघा, सगळे प्राणी आतच हायेत. तुम्ही मोजा, मी तिकिटं फाडतो." आम्ही मुलं हसलो. सर हसले नाहीत. खिशातल्या वहीत त्यांनी उत्तर लिहिलं, आणि मला म्हणाले, "हा माणूस पाचवी-सहावीत कुणीतरी पाहायला हवा होता."

त्यांचं आवडतं वाक्य एकच होतं. "मी थर्मामीटर आहे. डॉक्टर नाही." कोणी पालक मुलाला घेऊन आला, सर, याला पुढे काय शिकवू म्हणाला, की हे वाक्य. कोणी संस्थावाला आला, तुमची हुशार मुलं आमच्या वसतिगृहात पाठवा म्हणाला, की हेच. ज्या मुलांचा ते अभ्यास करतात त्यांना त्यांनी मदत करायची नाही, सल्ला द्यायचा नाही, त्यांचे गुण कुणालाही सांगायचे नाहीत, आणि त्यांच्या घरचं काही घ्यायचं नाही. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. मदत केली की ते मूल आपोआप वाढलं की आपल्यामुळे वाढलं हे कळत नाही, असं ते आम्हाला शिकवत. परीक्षेत मी ते लिहिलं आहे. पूर्ण गुण मिळाले होते.

कॉलेजच्या फाटकाजवळ सरांच्या मुलाचं झेरॉक्सचं दुकान होतं. तीस-पस्तिशीचा माणूस. बाप रोज त्या दुकानावरून जायचा, पण दोघं बोलत नसत. मी एकदा सरांचे फॉर्म झेरॉक्सला नेले, तर त्याने कागद मशीनवर ठेवता ठेवता विचारलं, "त्या लोखंडी कपाटात माझा पण एक कागद आहे. सात वर्षांचा होतो. सापडला का तुम्हाला?"

मी नाही म्हणाले. कपाटात नुसते आकडे असतात, नावांची वही सर घरी ठेवतात.

"माहितीय मला. बारावीला असताना विचारलं होतं, बाबा, इंजिनिअरिंगला जाऊ का, झेपेल का? म्हणाले, तू माझ्या अभ्यासातल्या नमुन्यात आहेस, मी बोलू शकत नाही." तो हसला. "मग म्हटलं, नसेल झेपत. किती कॉप्या?"

तर चहाचं.

चौथीत परीक्षा दोन फेऱ्यांत झाली. पहिल्यांदा सगळ्या वर्गाची. त्यातून सरांनी आम्हा दोघींना दुसऱ्या दिवशी एकेकटीला त्या पोत्यांच्या खोलीत बोलावलं. ठोकळे जुळवायचे, आकडे उलटे म्हणायचे, चित्रात काय राहिलंय ते सांगायचं. मग एक प्रश्न होता, विटेचे किती उपयोग होतात? मी काहीतरी सांगितलं. संगीता बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "मी अजून सांगू ऱ्हायले व्हते, पण त्यांच्या पेनातली शाई संपली."

सर दुपारभर शाळेच्या व्हरांड्यात बसून कागद तपासत होते. चार वाजता निघाले, ते आमच्या दारासमोर त्यांचं चाक पंक्चर झालं. दादा त्या दिवशी घरी होते. त्यांनी एका पोराला पंक्चरवाल्याकडे धाडलं आणि सरांना खाटेवर बसवून स्वतः चहा ठेवला. आलं-गवती चहा घालून, हॉटेलात करायचे तसा. सरांनी घेतला. दुसरा कपही घेतला. मग कप खाली ठेवून म्हणाले, "चहा उत्तम आहे."

दारात तोवर दहा-बारा माणसं जमली होती. ज्या माणसाने दोन दिवसांत कुणाला शाब्बास म्हटलं नाही, त्याच्या तोंडून उत्तम हा शब्द सगळ्यांनी ऐकला.

तिथून सर समोर तात्यांच्या घरी गेले. तासभर बसले. घरात माणसं किती, वाचता कुणाला येतं, मुलगी कधी बोलायला लागली, सगळं लिहून घेतलं. संगीताच्या आईने चहा केला, भजी तळली. सरांनी हात लावला नाही. स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायले. तात्या म्हणाले, "सर, पोरीत काय हाय का नाय, तेवढं सांगा."

"ते मला सांगता येत नाही."

"बरं, ऱ्हाऊ द्या. चहा तरी घ्या."

"मी घेत नाही."

आमच्याकडे मुलगी बघायला पाहुणे येतात. पसंत नसेल तर कुणी तोंडावर नाही म्हणत नाही, ते वाईट दिसतं. ते गोड बोलतात, पावसापाण्याचं विचारतात, आणि चहाचा कप तसाच ठेवून उठतात. कप निवला की घरातली बाई तो उचलते आणि कुणी कुणाला काही विचारत नाही. तात्यांच्या तीन बहिणींची लग्नं त्यांनीच जमवली होती. असे कप त्यांनी पुष्कळ बघितले होते. आणि समोरच्या दारात त्याच माणसाने दोन कप घेतलेले त्यांनी आत्ताच पाहिले होते.

रात्री ते दादांना म्हणाले, "तुझ्या पोरीनं नशीब काढलं. आमच्या पोरीचं जाऊ दे, पोरीच्या जातीला काय."

पुढच्या वर्षी सर परत आले, संगीताची पुन्हा परीक्षा घेतली. माझी नाही. सहावीत आले, सातवीत आले, तेच. दर वेळी तात्यांच्या घरी बाटलीतलं पाणी आणि जाताना आमच्याकडे चहा. गावाने त्याचाही अर्थ लावला. एकदा पास झालेल्याची परत परीक्षा घेतात का? नापास झालेलाच पुन्हा बसतो. संगीता चार वर्षं नापास होत राहिली. शेवटी शेवटी सरांची लुना दिसली की ती मागच्या दाराने बागेत पळायची, आणि तात्या तिला दंड धरून आणायचे.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे ओझरला जायचं तर एसटी. सातवीच्या परीक्षेनंतर सर आले तेव्हा तात्यांनी जाताना लुनाचं हँडल धरलं. मी आमच्या ओट्यावर होते, मला सगळं ऐकू आलं.

"सर, हिला ओझरला धाडायची का बंद करायची? आमाला काय कळत नाय. तुमी चार वर्सं बघू ऱ्हायले. तुमी नुसतं हो म्हणा, मी उद्या पास काढतो."

हेल्मेटचा पट्टा सरांनी लावला, सोडला, परत लावला. मग म्हणाले, "निर्णय तुमचा आहे. तुम्ही जे ठरवाल, ते मी लिहून घेईन."

तात्यांनी हँडल सोडलं.

जूनमध्ये मी ओझरच्या शाळेत गेले. दादांना माझ्या आत्याने विचारलं, आचाऱ्याच्या पोरीला कशाला एवढं? दादा म्हणाले, "सरांनी आपल्या घरी चहा घेतलाय. उगाच घेतला का?" नाशिकला होस्टेलवर पाठवतानाही त्यांनी हेच सांगितलं. माझ्या शिक्षणामागे एवढंच एक कारण होतं, आणि ते त्यांना पुरलं.

संगीता बागेत जायला लागली. रविवारी मी तिच्याकडे बांधावर जाऊन बसायची. ती विचारायची, "काय शिकवलं या हप्त्यात?" मी वही दाखवायची. ती घडातले दाटलेले मणी विरळ करता करता वाचायची, कात्री हातात तशीच. आठवीची, नववीची, दहावीची भूमिती तिने मला समजावली. ती वर्गात कधी बसली नव्हती. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कदाचित कळत होतं. पण मला शाळा आवडायला लागली होती, आणि एसटीत खिडकीजवळची जागा मला मिळायची.

सतरावं लागलं तेव्हा तिचं लग्न झालं, सिन्नरकडे. सर तिथेही गेले. त्यांचा अभ्यास मूल मोठं होईपर्यंत चालायचा होता ना. सासऱ्याने विचारलं, कोण तुम्ही? सर म्हणाले, निरीक्षक. मुलीला अठरा पूर्ण नव्हती, घरातली माणसं घाबरली. सरकारचाच माणूस, माहेरच्यांनीच धाडला असणार. सरांना दारातून परत पाठवलं आणि संगीताला वर्षभर माहेरी येऊ दिलं नाही. हे सगळं मला तिच्या आईकडून कळलं. सरांनी यातली पहिली अर्धी गोष्ट लिहून ठेवली होती. दुसरी त्यांना माहीत नव्हती.

मी नाशिकला मानसशास्त्र घेतलं ते सरांमुळे. दुसरं काय घ्यायचं असतं हेही मला ठाऊक नव्हतं. सरांनी ओळख दाखवली नाही. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला त्यांची नजर कमी झाली होती, जुने कागद पिवळे पडले होते. त्यांनी मला ते नवीन कागदावर उतरवून द्यायला सांगितलं. मला फार अभिमान वाटला. दादांना मी पत्र लिहिलं.

डिपार्टमेंटच्या मागच्या खोलीत मी रोज दोन तास बसायची. आकडे, वय, ठोकळ्यांना लागलेला वेळ. एक दिवस एक फाइल उघडली तर विटेचे उपयोग पान भरून होते. भिंत बांधायला. चूल मांडायला. उंदराच्या बिळावर ठेवायला. तापवून फडक्यात गुंडाळून पोट शेकायला. दोरीला बांधून विहिरीत सोडायला, पाणी किती उरलं ते कळतं. दोघी भांडल्या तर मध्ये ठेवायला. खाली बसून लपायला, पण त्यासाठी वीट मोठी पाहिजे नाहीतर माणूस लहान. शेवटच्या ओळी शिसपेन्सिलीने होत्या.

मी नाव शोधलं नाही. गरज नव्हती.

त्या पानाच्या समासात सरांच्या अक्षरात एक ओळ होती: "असं मूल मी याआधी पाहिलेलं नाही."

पुढे आणखी तीन वर्षांचे कागद. प्रत्येक वर्षी आधीपेक्षा वरचा आकडा. मग एक कागद: शाळा बंद, वडिलांचा निर्णय, द्राक्षबागेत काम. मग: विवाह. मग: सासरच्यांनी भेट नाकारली.

कपाटाच्या खालच्या खणात सुतळीने बांधलेला एक गठ्ठा होता, वर लिहिलेलं, "वगळलेले." मी तो सोडायला नको होता. गावातून दुसऱ्या फेरीला आम्ही दोघीच होतो, त्यामुळे तारखेवरून माझंही पान सापडलं. विटेचे उपयोग: घर, भिंत, चूल, आणि चौथा, "दुसरी वीट करायला." असं मी का म्हटलं असेन, कोण जाणे. खाली लिहिलं होतं, सरासरी, दुसऱ्या फेरीत वगळले. तारीख पंक्चरच्या दिवशीची. म्हणजे आमच्या खाटेवर बसले तेव्हा मी त्यांच्या अभ्यासातून बाहेर पडलेली होते. त्यांना आमच्याकडचा चहा चालणार होता.

सर आले तेव्हा दोन्ही कागद मी टेबलावर ठेवले होते.

"सर, हा माझा आहे."

त्यांनी चष्मा वर करून आकडा पाहिला. "असेल. वाईट वाटलं का आपल्याला? सरासरी असणं हा आजार नाही."

"आणि हा संगीताचा."

"नाव घेऊ नका."

"तिच्या वडिलांनी तुमच्या गाडीचं हँडल धरलं होतं, सर."

"आठवतं मला." ते बसले. "आपण शिकलेल्या आहात. मी हो म्हटलं असतं आणि ती शिकली असती, तर ते माझ्या हो मुळे झालं असतं. मग मी काय शोधलं? मी थर्मामीटर आहे."

मी म्हणाले, "थर्मामीटर बघून कुणीतरी घरच्यांना सांगतं ना, ताप आहे म्हणून."

"ते डॉक्टर सांगतो."

"दुसरा कुणी डॉक्टर नव्हता गावात."

त्यांनी दोन्ही कागद एकमेकांवर नीट ठेवले. मी विचारलं, "मग आता काय कळलं तुम्हाला?"

"कळलं ना. असं मूल अशा घरात सातवीला थांबतं. हा निष्कर्ष आहे. मला तो आवडला असं मी म्हणत नाही."

मग मी त्यांना चहाचं सांगितलं. पाहुण्यांचा कप, तात्यांच्या बहिणी, दादांचं वाक्य, सगळं. मला वाटत होतं, हे ऐकून त्यांना काहीतरी होईल. ते मध्येच हात वर करून म्हणाले, "थांबा. सावकाश सांगा." खणातून कोरा कागद काढला, दोन्ही बाजूंनी तपासला, आणि लिहायला लागले. कप पूर्ण भरलेला असतो की अर्धा? न घेता उठण्याऐवजी थोडा घेऊन ठेवला तर त्याचा अर्थ काय? ही पद्धत सगळ्या समाजात आहे की काहींतच? मी उत्तरं देत गेले. मला थांबता आलं नाही. वर्गात सवय झाली होती.

कागद भरला तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"निवडलेल्यांपैकी एकाच्याही घरी मी कधी चहा घेतला नाही," ते म्हणाले. "एकाच्याही नाही. मला वाटायचं, त्यामुळे माझा परिणाम होत नाही."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायला किक मारत होतं, ती लागत नव्हती. सर तिकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे आपल्या गावातल्या कुणीतरी मला सांगायला हवं होतं. इतकी वर्षं मी येत होतो."

ते खोटं नव्हतं. पण सरांना कोण सांगणार होतं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खोलीत बोलावलं. "त्या बाईंना हे कळायला हवं, असं आपल्याला वाटतं ना? जाऊन या. मी परवानगी देतो. त्यांची प्रतिक्रिया मला हवी आहे."

मी गेले ते त्यांच्या परवानगीने गेले नाही. पण गेले त्याच रविवारी, हेही खरं.

संगीता द्राक्षाच्या पॅकिंगच्या शेडमध्ये भेटली. ती तिथे बायकांच्या रांगेची मुकादम होती. हात चालू ठेवून ती सगळीकडे बघत होती, कुणाच्या खोक्यात किती घड गेले ते न मोजता सांगत होती. जेवणाच्या सुट्टीत आम्ही खोक्यांच्या थप्पीमागे बसलो. मी सगळं सांगितलं. निवडलेली तू होतीस, मी नव्हते. समासातली ओळही सांगितली.

तिने भाकरी अर्धी करून मला दिली.

"मला वाटायचंच," ती म्हणाली. "तुझं ते वर्तुळाचं गणित तीन रविवार चाललं व्हतं. म्हटलं, ही पास अन् मी नापास, मग परीक्षाच येडी असंल."

"मी तात्यांना सांगू का?"

"नको." हे ती पटकन म्हणाली. "त्यांना वाटतं त्यांनी बरोबर केलं. आता हातपाय थरथरत्यात त्यांचे. हे ऐकून काय करतील? अन् हितं सासरी तर बिलकूल नको. म्हणतील, एवढी हुशार व्हती तर आमच्या घरी कशाला आली. रोज तेच ऐकायचं मग."

"तुला राग नाही येत?"

"कुणाचा? तुझा?" ती माझ्याकडे बघत राहिली. मी खाली पाहिलं. "येतो. तुझा येतो. सरांचा येतो. तात्यांचा येतो. मग संध्याकाळ होते, धारा काढायच्या असत्यात." तिने फडकं झटकलं. "त्या पानावर काय लिवलं व्हतं, परत सांग."

मी सांगितलं. तिने ओठ हलवून ते एकदा म्हटलं.

"मागंच सांगितलं असतं तर," ती म्हणाली. शेडमध्ये बायका परत रांगेत बसत होत्या. उठताना तिने माझा दंड धरला, जरा जोरातच. "ऐक. तुला कुठं लिवायचं, बोलायचं, तर माझं नाव न घेता बोल. पण त्या माणसाला यातलं काय लिवून घेऊ देऊ नको. चार वर्सं लय दिलं त्याला."

सोमवारी मी कॉलेजात गेले तेव्हा सर आधीच येऊन बसले होते. टेबलावर संगीताच्या आकड्याचा नवीन कागद. वर तारीख घातलेली.

"जाऊन आलात?"

"हो."

"सांगा. त्यांच्याच शब्दांत सांगा. दुरुस्त करू नका."

तिचे शब्द मला सगळे पाठ होते. एसटीत बसून मी तेच घोकत आले होते. सरांचे डोळे पाणावलेले होते की नजर कमी झाल्यामुळे तसे दिसत होते, मला सांगता येणार नाही. मी म्हणाले, "सर, ते मी तुम्हाला देणार नाही."

"कारण?"

सर थांबले. मुलांपुढे थांबायचे तसे, अजिबात घाई न करता. मीही थांबले. मग त्यांनी कागद जवळ ओढला आणि लिहिलं, "माहिती मिळाली नाही." थोडा विचार करून ते खोडलं. त्याखाली लिहिलं, "माहिती आहे. देण्यास नकार." आणि कागद माझ्याकडे फिरवला.

"तपासून घ्या," ते म्हणाले.

मी वाचलं. बरोबर होतं.